कलकत्त्याचा चिनेपाडा

लालबाजार येथील पोलीस खात्याच्या मुख्य कचेरीला वळसा घालून जो कोणी रविवारी पहाटे, बाकीचे कलकत्ता अद्यापि अंथरुणात असताना, पोद्दार कोर्टामागच्या रस्त्यावर जाईल, त्याला पदपथावर बाकडी आणि खोकी मांडून बसलेल्या काही चिनी वृद्धा, त्यांच्यासमोर वाफा सोडणारी उंच पातेली, आणि त्या पातेल्यांभोवती वाडगे हाती धरून उभ्यानेच न्याहारी उरकणारी बंगाली, मारवाडी, बिहारी व थोडीबहुत चिनी मंडळी असा देखावा आढळेल. माशाच्या गोळ्यांचे पातळ सूप, डुकराच्या मांसाचे सारण भरून वाफवलेले पांढरे पाव, चिकट तांदळाचे मुटके असे निरनिराळे जिन्नस तेथे मांडलेले असतात. आठाच्या सुमारास ते संपतात, वृद्धा आपापली पातेली उचलतात आणि त्या जागेचा ताबा नेहमीचे भाजीवाले व फळवाले घेतात. टिरेट्टा बाजार या नावाने जो भाग प्रसिद्ध आहे आणि ज्याला बंगाली लोक पूर्वापार चिनेपाडा म्हणत आले आहेत, त्याची बाहेरच्या जगास असलेली ओळख बहुतांशी या दोन तासांपुरतीच मर्यादित आहे.

अशी न्याहारी करून परतलेल्या प्रवाशाने त्या वस्तीस ‘छोटा चीन’ म्हणावे, तिच्यावर चार कौतुकाचे परिच्छेद लिहावेत आणि त्यांत गूढ, पुरातन, पौर्वात्य अशी विशेषणे मुक्तहस्ते पेरावीत, अशी आपल्याकडील वर्णनकारांची रूढी आहे. ती मला मान्य नाही. चिनेपाडा हा चीन देशाचा तुटून आलेला तुकडा आहे ही कल्पनाच मुळात चुकीची असून, तेथे कोणी कोणता धंदा करावा, कोणत्या गल्लीत राहावे, कोणाशी सोयरीक जुळवावी आणि अखेरीस कोणत्या देशाची वाट धरावी, या सर्व गोष्टी कलकत्ता शहराच्या गरजांनी, येथील जातिव्यवस्थेने आणि दिल्लीच्या सरकारी हुकुमांनी ठरविल्या आहेत. त्या दृष्टीने पाहू गेल्यास तो मोहल्ला पूर्णतया हिंदी आहे.

या वस्तीचा आदिपुरुष म्हणून ज्याचे नाव घेतात तो यांग आत्च्यू नावाचा व्यापारी वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत, म्हणजे १७८० च्या आसपास, बंगालात उतरला. हुगळीच्या काठी बजबजच्या पुढे त्याला कंपनी सरकाराकडून साडेसहाशे बिघे जमीन सालिना ४५ रुपये खंडाने मिळाली, आणि तीवर ऊस लावून साखरेचा कारखाना काढावा अशा बोलीने त्याने आपल्या देशाहून मजूर आणविले. कारखाना फार काळ चालला नाही, आत्च्यूही लवकरच वारला आणि त्याची माणसे पांगून शहरात आली. परंतु त्या गावास त्याच्या नावावरून पडलेले अचीपूर हे नाव टिकले, आणि नदीकाठचे त्याचे तांबड्या रंगाचे, घोड्याच्या नालेच्या आकाराचे थडगेही टिकले. चिनी नववर्षाच्या दिवसांत कलकत्त्यातील चिनी कुटुंबे उदबत्त्या, फळे आणि शिजवलेले मांस घेऊन तेथे जातात, तसेच जवळच्या भूमिदेव आणि भूमिदेवी यांच्या छोट्या देवळाचेही दर्शन घेतात. आसपासची मुसलमान रयत त्या जोडप्याला ‘खुदा-खुदी’ म्हणते, आणि त्याच आवारात दक्षिण राय हा सुंदरबनातील व्याघ्रदेवही सुखाने नांदतो. धर्मशास्त्राच्या पंडितांनी या व्यवस्थेचा काय निवाडा केला असता कोण जाणे. तेथील लोकांना त्याची गरज कधी भासलेली दिसत नाही.

शहरात आलेल्या चिन्यांनी जो भाग धरला त्याचे नाव एका इटालियन गृहस्थावरून पडलेले आहे. एडवर्ड टिरेट्टा हा त्रेविझोकडून परागंदा झालेला मनुष्य (कासानोव्हाच्या आत्मचरित्रात जो तिरेता भेटतो तो हाच, असे मानतात) कलकत्त्यात कंपनीचा रस्ते व इमारतींचा अधीक्षक झाला, त्याने येथे बाजार वसविला, आणि पुढे पैशाच्या अडचणीत सापडून तो बाजार त्याला सोडतीत काढावा लागला. इटालियनाच्या बाजारात चिनी वस्ती, तिच्या एका अंगाला बंगाली, दुसऱ्या अंगाला मारवाडी, आणि पलीकडे यहुदी, पारशी व आर्मेनियन लोकांची प्रार्थनास्थळे असा हा मध्य कलकत्त्याचा प्रदेश आहे. तेथे ‘परका’ कोण हे ठरविणे अव्वल इंग्रजीच्या काळातही सोपे नव्हते.

बाहेरच्या डोळ्यांना सर्व चिनी सारखेच दिसतात. आपसांत मात्र ते तसे मुळीच नव्हते, आणि कलकत्त्यात राहण्याचे मर्म या भेदांत होते. कँटनकडचे लोक सुतार. त्यांनी हुगळीच्या गोद्यांत जहाजांची लाकूडकामे केली आणि साहेबांच्या बंगल्यांसाठी कपाटे व मेजे घडविली. हूपे प्रांतातून आलेले दातांचे वैद्य, शांटुंगकडचे रेशमाचे फेरीवाले. हक्का भाषा बोलणारे मोयेन परगण्याचे लोक प्रथम जोडे शिवू लागले आणि मागाहून कातडी कमवू लागले. बेंटिंक स्ट्रीटवरील चिनी जोड्यांच्या दुकानांची ख्याती एके काळी एवढी होती की, बंगाली नवरदेवाचा बूट तेथूनच यावा असा प्रघात पडला होता. एकाची बोली दुसऱ्यास कळत नसे, आणि कँटनी बापाने हक्का सून पत्करणे ही गोष्ट सहजासहजी घडत नसे. ज्याचा धंदा जो असेल त्याच धंद्यात त्याच्या गावचा नवा माणूस येऊन शिके, आणि अशा रीतीने धंदा, बोली व गाव यांची सांगड पिढ्यान् पिढ्या बांधलेली राही.

ही सांगड सांभाळणारी संस्था म्हणजे त्यांची देवळे होत. कलकत्त्यात त्यांना सर्रास ‘चर्च’ असे म्हणतात आणि दारावरील पाट्यांवरही तसेच लिहिलेले असते. छातावाला गल्लीतील सी इप चर्चची सांप्रतची इमारत १९०५ सालची. ते कँटन प्रांतातील चार विशिष्ट तालुक्यांच्या लोकांचे, आणि त्यात करुणादेवी क्वान यिन हिची स्थापना आहे. ब्लॅकबर्न लेनमधील टूंग ऑन चर्चात तिसऱ्या शतकातील शूर सेनापती क्वान ती दाढी सोडून व तांबडा चेहरा करून बसलेला आहे, आणि त्याच इमारतीच्या तळमजल्यावर एके काळी नानकिंग नावाचे उपाहारगृह चालत असे, जेथे साहेबलोकांपासून सिनेमाच्या नटांपर्यंत सर्वांची ऊठबस असे. परंतु येथे पूजा हे अनेक कामांपैकी एक काम होते. नव्याने बंदरावर उतरलेल्या माणसाला रात्रीचा निवारा, कामधंदा लागेपर्यंत जेवण, घरी पत्र लिहून देणारा कारकून, भांडणाचा निवाडा करणारे पंच, संध्याकाळी माहजाँग खेळण्यास मेज, आणि अखेरीस पुरण्यास जागा एवढ्या सर्वांची तजवीज हे देऊळ करी. गिरणगावातील कोकणी चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याहून अधिक स्पष्टीकरणाची जरुरी पडू नये. या देवळांच्या मंडळांकडे दफ्तरे होती, वर्गणीची खाती होती, दफनभूमीची मालकी होती. आणि सरकारदरबारी ज्यांना कोणी विचारीत नव्हते अशा लोकांचा सारा बंदोबस्त शंभर-सव्वाशे वर्षे त्यांनीच ठेवला.

येथवर जे सांगितले ते टिरेट्टा बाजाराविषयी. त्याहून निराळी, आणि माझ्या मते अधिक बोधप्रद अशी दुसरी चिनी वस्ती शहराच्या पूर्व टोकाला टांग्रा येथे आहे. पाणथळ जमीन, शहराचे सांडपाणी वाहून नेणारे नाले, आणि पलीकडे धाप्याची कचराभूमी असा तो मुलूख. १९१० च्या सुमारास हक्का लोकांनी येथे कातडी कमविण्याचे कारखाने घालण्यास आरंभ केला. चामड्याच्या धंद्यात नफा होता, पहिल्या महायुद्धाने तो वाढविला, आणि तरीही बंगालातील भद्रलोकांपैकी कोणी त्यात हात घालीना; कारण काय ते महाराष्ट्रीय वाचकास सांगावयास नको. मेलेल्या जनावराचे कातडे हाताळणारा मनुष्य अस्पृश्य, हा दंडक सर्व हिंदुस्थानभर चालत आलेला होता, आणि त्या दंडकाने जी जागा रिकामी ठेवली ती जातिबंधनाबाहेरच्या हक्का लोकांनी भरून काढली. कच्ची कातडी पुरविणारे व्यापारी बहुतेक मुसलमान, हौदातून कातडी उपसणारे मजूर बिहारातून आलेले चर्मकार, दारावरचे पहारेकरी नेपाळी, आणि मालक चिनी अशी टांग्र्याच्या कारखान्याची मांडणी असे. स्वतः सवर्णांनी त्या कारखान्यांच्या दुर्गंधीला नाके मुरडली, पण त्या कातड्याचे जोडे पायांत घालताना कोणी कचरल्याचे ऐकिवात नाही.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एलेन ऑक्सफेल्ड यांनी १९८० नंतरच्या काळात टांग्र्यात राहून या समाजाचा अभ्यास केला आणि १९९३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून आणि तेथील जुन्या रहिवाशांच्या सांगण्यातून जे दैनंदिन जीवन नजरेसमोर उभे राहते ते असे: खाली हौद, ढोल आणि वाळत घातलेली निळसर कातडी, वर कुटुंबाच्या राहण्याच्या खोल्या, उंच भिंतींनी वेढलेली आवारे आणि त्यांमधून जाणाऱ्या चिंचोळ्या, चिखलाच्या वाटा. बायका घरकाम आटोपून कारखान्यात उतरत, कातड्यांची मोजदाद ठेवीत, मजुरांवर देखरेख करीत, आणि नवऱ्याच्या बरोबरीने व्यवहार जाणीत. बापाच्या पश्चात भाऊ वेगळे झाले तरी आवार एकच राही; ज्याच्या वाट्याला जो सोपा येई त्यात तो आपला स्वतंत्र कारखाना घाली. ज्याला स्वतःची यंत्रे घेण्याची ऐपत नसे तो मोठ्या कारखानदाराची यंत्रे भाड्याने वापरी. भांडवलासाठी बँकेच्या पायऱ्या झिजविण्याची त्यांची रीत नव्हती; आपल्या बायका ज्याला भिशी म्हणतात ती, बोली लावून उचलण्याची भिशी हीच त्यांची पेढी, आणि तिचा एकमेव तारणदस्तऐवज म्हणजे बुडविणाऱ्यास पुन्हा टांग्र्यात तोंड दाखविता येणार नाही ही सर्वांना असलेली खात्री.

मुले घरी हक्का बोलत, मजुरांशी हिंदी, बाजारात बंगाली, आणि ज्यांना परवडे त्यांची मुले मिशनऱ्यांच्या शाळांत इंग्रजी शिकत. त्यामुळे एकाच मुलाला दोन-दोन नावे असत: पाटीवर ख्रिस्ती, घरात चिनी. पेई मेई ही चिनी माध्यमाची शाळा वस्तीने स्वतःच्या वर्गणीतून चालविली. शिकविण्यावरूनही तट पडत. कारण १९४९ नंतर चीनची दोन सरकारे झाली तशी चिनेपाड्याचीही दोन मने झाली, कोणी दहा ऑक्टोबरला राष्ट्रवाद्यांचा झेंडा लावी तर कोणी एक ऑक्टोबरला साम्यवाद्यांचा. टिरेट्टा बाजारातील एका रस्त्याला सुन यत् सेनचे नाव आहे, दुसऱ्याला लू शुन या लेखकाचे. दोन्ही नावे शांतपणे शेजारी शेजारी आहेत, माणसे मात्र तशी नव्हती.

टांग्र्यातील मठेश्वरतला रस्त्यावर कालीमातेचे एक देऊळ आहे. तेथील कथा अशी की, झाडाखाली शेंदूर लावून ठेवलेल्या दोन काळ्या दगडांपुढे, वैद्यांनी हात टेकलेल्या एका चिनी मुलाला त्याच्या आईबापांनी आणून झोपविले आणि तो बरा झाला. तेव्हापासून चिनी कुटुंबांनी त्या दगडांवर देऊळ बांधले. पूजा ब्राह्मण पुजारी करतो, उदबत्त्या चिनी पद्धतीच्या लांब असतात, अमंगल टाळण्यासाठी कागद जाळले जातात, आणि नैवेद्याला नूडल्स, भात व भाज्या ठेवतात. वर्तमानपत्रांना हा नूडल्सचा प्रसाद फार आवडतो. मला त्यातील महत्त्वाची गोष्ट निराळीच वाटते: चामड्याच्या कारखान्यांच्या मधोमध, ज्या धंद्याला शिवण्यास सवर्ण तयार नव्हते त्या धंद्याच्या पैशातून उभे राहिलेल्या त्या देवळात ब्राह्मण पुजारी मिळण्यास अडचण पडली नाही.

अशा प्रकारे दीडशे-पावणेदोनशे वर्षे रुळलेल्या या संसारावर १९६२ च्या ऑक्टोबरात अकस्मात घाला पडला. भारत-चीन सरहद्दीवरील युद्ध महिनाभर चालले. त्याचा परिणाम चिनेपाड्यावर पुढे कित्येक वर्षे टिकला. भारत संरक्षण कायद्याने ‘शत्रुवंशाच्या’ संशयावरून कोणासही अटकेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि विदेशी व्यक्तींविषयीच्या कायद्यात जो फेरफार करण्यात आला त्याने ज्याचे आईबाप किंवा आजा-आजी कधी काळी शत्रुराष्ट्राचे प्रजाजन होते अशा माणसालाही, मग तो भारतात जन्मलेला का असेना, परकीय लेखण्याची मोकळीक मिळाली. आसामातील माकुम, शिलाँग, दार्जिलिंग, कालिंपाँग या भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे उचलण्यात आली: म्हातारी माणसे, तान्ही मुले, खासी किंवा आसामी आयांची लेकरे, ज्यांना चिनी भाषेचा एक शब्द येत नव्हता असे तरुण. सुमारे तीन हजार लोकांना आगगाड्यांत घालून, कित्येक दिवसांच्या प्रवासानंतर, राजस्थानातील देवळी येथील बंदीछावणीत नेण्यात आले. ही तीच देवळी, जेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी जयप्रकाश नारायण आणि श्रीपाद अमृत डांगे यांसारख्या राजबंद्यांना स्थानबद्ध केले होते. स्वतंत्र भारताने त्या बराकी पुन्हा उघडल्या, आणि या खेपेस त्यांत डांबलेल्यांपैकी कोणावर कसलाही खटला चालला नाही.

तत्कालीन गृहमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी छावणीस भेट देऊन कोणाला चीनला जावयाचे आहे याची विचारणा केली; चीनने पाठविलेल्या जहाजांतून १९६३ साली दोन हजारांहून अधिक माणसे मद्रासहून निघून गेली, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांनी तो देश त्यापूर्वी कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. उरलेल्यांची सुटका टप्प्याटप्प्याने होत अखेरचे बंदी १९६७ साली बाहेर पडले. परत आल्यावर कित्येकांना आपले घर, दुकान, सामानसुमान लिलावात निघालेले आढळले. कलकत्त्यातील चिन्यांपैकी देवळीस गेले ते थोडे. पण जे मागे राहिले त्यांना ठरावीक मुदतीने पोलिसांत हजेरी द्यावी लागे, नोंदलेल्या हद्दीबाहेर परवान्यावाचून जाता येत नसे, आणि मुलीच्या लग्नाला शेजारच्या जिल्ह्यात जावयाचे तरी अर्ज करून हुकुमाची वाट पाहावी लागे. लालबाजारची कचेरी चिनेपाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. ती तेव्हा फार दूर नव्हती, एवढेच काय ते सुख. याच सुमारास नगरसुधारणेच्या नावाखाली टिरेट्टा बाजारातील जुन्या गल्ल्या आणि घरे पाडून रस्ते काढण्यात आले. विरोध करावा असे त्या काळी चिनी माणसाला वाटले असेल तरी तो बोलला नाही, आणि बोलला असता तरी कोणी ऐकले नसते.

त्यानंतरची पिढी देशांतराच्याच विचारात वाढली. कमावलेला पैसा मुलांच्या शिक्षणावर आणि तिकिटावर खर्चावा, थोरला टोरांटोला गेला की त्याने धाकट्याला बोलवावे, आणि म्हाताऱ्यांनी कारखान्याचा दरवाजा सांभाळीत मागे राहावे, अशी रीतच पडून गेली. कॅनडातील टोरांटो शहरी आज ‘हक्का चायनीज’ नावाने जी अनेक उपाहारगृहे चालतात ती मुख्यतः याच कलकत्त्याहून गेलेल्या मंडळींची. चिली चिकन आणि मंचुरियन यांना तेथे गिऱ्हाईक मिळते ते भारतीय, पाकिस्तानी व वेस्ट इंडियन. म्हणजे चीनमधून कलकत्त्यास आलेली पाककृती कलकत्त्याची होऊनच पुढे गेली, आणि ती विकणारा मनुष्य कॅनडात स्वतःची ओळख कलकत्त्याचा म्हणून सांगतो.

टांग्र्याचा शेवटचा मोठा फेरबदल न्यायालयाच्या हुकुमाने झाला. गंगेच्या प्रदूषणाविषयी चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९९६ रोजी टांग्रा, तिलजला, तोप्सिया आणि पागलाडांगा येथील साडेपाचशेच्या आसपास चामड्याचे कारखाने शहराबाहेर बानतला येथे हलविण्याचा आदेश दिला. निकाल अन्यायाचा होता असे मी म्हणणार नाही. क्रोमियमचे हिरवट पाणी उघड्या नाल्यांतून सोडणे कोणत्याही शहराने सहन करण्याजोगे नव्हते. परंतु ज्या कारखान्यातच घर आहे त्या कारखान्याचे स्थलांतर म्हणजे घराचेही स्थलांतर, ही गोष्ट कागदावर दिसत नाही. काही थोडे मालक बानतल्यास गेले, काहींनी आपली जागा इमारती बांधणाऱ्यांना विकली, आणि काहींनी हौद बुजवून तेथे जेवणाची मेजे मांडली. आज ज्याला लोक टांग्र्याचा चायनाटाउन म्हणून ओळखतात, आणि रात्री मोटारी भरभरून जेथे जेवावयास जातात, ती उपाहारगृहे कित्येक ठिकाणी त्या जुन्या चर्मालयांच्याच भिंतींत उभी आहेत.

मुंबईशी या कथेचा संबंध येतो तो दोन ठिकाणी. माझगावात, गोदीपासून जवळच, सी यूप कून नावाचे एक जुने चिनी देऊळ आहे. १९१९ साली ते कँटनी खलाशांच्या समाजाने बांधले, आणि कलकत्त्याचे सी इप चर्च ज्या चार तालुक्यांचे त्याच चार तालुक्यांच्या लोकांचे ते आहे. मुंबईतही एके काळी चिनी दंतवैद्य, चिनी चांभार आणि चिनी सुतार होते, तेही बहुतेक १९६२ नंतर विखुरले. दुसरा संबंध रोजच्या जेवणाचा. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वाँग हे पाककुशल गृहस्थ मुंबईत आले आणि १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या भटारखान्यात त्यांनी आले, लसूण व हिरवी मिरची परतून, सोया सॉस आणि मक्याचे पीठ घालून कोंबडीचा जो पदार्थ तयार केला त्याला मंचुरियन हे नाव मिळाले, असे सांगतात. मांचूरियात तो कोणी खाल्लेला नाही. आज चंद्रपूरपासून सावंतवाडीपर्यंत ज्या लाल रंगाच्या गाड्यांवर हक्का नूडल्स मिळतात, त्या गाड्यांच्या मालकांना आणि गिऱ्हाइकांना हक्का ही माणसे असून ती याच देशात शंभरांहून अधिक वर्षे राहिली आहेत, याची कल्पना क्वचितच असते.

आजचा चिनेपाडा थोड्या माणसांचा आहे. एके काळी हजारोंनी मोजली जाणारी कलकत्त्यातील चिनी वस्ती आता दोन-अडीच हजारांच्या आसपास उरली आहे असे मानतात. पेई मेई शाळा मुलांअभावी ओस पडली. १९६९ पासून निघणारे ‘सिओंग पाओ’ हे चिनी भाषेतील दैनिक करोनाच्या टाळेबंदीत बंद पडले. टिरेट्टा बाजारातील देवळांना वारसा म्हणून मान्यता मिळाली आहे, आणि नववर्षाला सिंहनृत्य निघते तेव्हा छातावाला गल्लीत पाय ठेवावयास जागा नसते. नाचणाऱ्यांत पुष्कळदा बंगाली व बिहारी मुलेच अधिक. मला त्यात खेद करण्यासारखे काही दिसत नाही. ज्या मोहल्ल्यात मारवाडी घरमालक, बिहारी हमाल आणि चिनी म्हातारी एकाच नळावर पाणी भरत आले, तेथील सिंह कोणी नाचवावा याची जातवारी कशाला?

पण एका बाबतीत मात्र स्पष्ट बोलणे भाग आहे. देवळीच्या छावणीतून सुटलेली आणि पुढे कॅनडात स्थायिक झालेली माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांनी आपली संघटना स्थापून भारत सरकारने या बंदिवासाबद्दल दिलगिरी व्यक्त करावी अशी मागणी वेळोवेळी केली, आणि २०२० साली जॉय मा व मुंबईचे लेखक दिलीप डिसूझा यांनी त्यांच्या हकिकती ग्रंथरूपाने प्रसिद्धही केल्या. द्रव्याची मोठी मागणी त्यांची नाही. अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्या नागरिकांना दुसऱ्या महायुद्धात डांबल्याबद्दल १९८८ साली कायदा करून क्षमा मागितली व भरपाई दिली. कॅनडाने चिनी स्थलांतरितांवर बसविलेल्या जुन्या डोईपट्टीबद्दल २००६ साली आपल्या संसदेत माफी मागितली, आणि ती ऐकणाऱ्यांत कलकत्त्याहून, शिलाँगहून, माकुमहून गेलेले चिनीही असतीलच. त्यांची जन्मभूमी मात्र अद्याप गप्प आहे. त्यांच्यापैकी जे हयात आहेत ते हयात असतानाच दिल्लीच्या सरकारने हे चार शब्द उच्चारावेत.